सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट माडीवर

आपल्याकडे दुकानाला शब्द आहे, त्यात बसणाऱ्या माणसाला नाही. ‘मेडिकलमधून तापाची गोळी आण’, ‘मेडिकल उघडं आहे का बघ’, फार तर ‘मेडिकलवाल्याला विचार’. आजोबांच्या काळी निदान कंपाउंडर होता. डॉक्टरच्या मागच्या खोलीत लाल मिक्श्चर ढवळायचा आणि बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवून ‘एका वेळी एक खाच’ असं दोनदा बजावायचा. सरकारी दवाखान्यात ‘औषध निर्माण अधिकारी’ असतो, तो कुठलंच औषध निर्माण करत नाही. आणि ‘फार्मासिस्ट’ हा शब्द घरात उच्चारला जातो तो बारावीनंतर पोराला कुठं घालायचं याची चर्चा चालू असताना. पोरगं डी.फार्म. होतं, आपण पेढे वाटतो, आणि पुढं त्या शिक्षणाचं नेमकं काय होतं याची चौकशी कुणी करत नाही.

मीही केली नव्हती. त्यासाठी आईच्या तोंडात फोड यावे लागले.

आई मुरबाडला असते, एकटी. मी ठाण्यात, नौपाड्यात. बाबा गेल्यावर तिला इकडे आणून पाहिलं, पण चौथ्या मजल्यावर तिला करमत नाही. खिडकीतून खाली बघते आणि म्हणते, ‘इथं कुणी कुणाला हाकच मारत नाही गं.’ म्हणून महिन्यातून दोनदा मीच जाते. कल्याणपर्यंत लोकल, पुढं एसटी. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार अशा बातम्या मात्र मी शाळेत असल्यापासून येतात. आईला आमवात आहे. ठाण्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू केलं, आठवड्यातून एकदा, रविवारी. आणि बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट ही मुळात कर्करोगावरची गोळी. थोड्या मात्रेत आठवड्याला एकदा घेतली तर सांध्यांची सूज धरून ठेवते. रोज घेतली, तर शरीरात जिथं जिथं पेशी भराभर तयार होतात तिथं घाव घालते: तोंडाचं आतलं अस्तर, आतडी, रक्त बनवणारी मज्जा. ‘रोज’ आणि ‘आठवड्याला’ या दोन शब्दांच्या घोटाळ्यात जगभर माणसं गेलेली आहेत.

गेल्या पावसाळ्यात तिच्या गोळ्या संपल्या. चिठ्ठी माझ्या ठाण्याच्या फाइलीत. आई दोन्ही स्ट्रिपांचे उरलेले तुकडे घेऊन नेहमीच्या मेडिकलमध्ये गेली. हे तुकडे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी सुट्या गोळ्या घेतल्या आहेत त्यांना सांगायला नको. कात्रीनं कापलेली चंदेरी पट्टी, मागं अर्धवट अक्षरं. औषधाचं नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तो दुसरा दुकानदाराच्या डब्यात. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळट. काउंटरवरचा मुलगा चटपटीत होता, पट्कन शोधून काढल्यान. आईनं तोंडी सांगितलं, ‘एक रोजची आहे, एक रविवारची.’ त्यानं दोन कागदी पाकिटं घेतली, एकावर लिहिलं ‘रोज १’, दुसऱ्यावर लिहिलं ‘रविवार’. आणि गोळ्या भरताना अदलाबदल केली.

सहा दिवसांनी आई परत त्याच दुकानात गेली. तोंड आलं होतं, भाकरी गिळवत नव्हती. त्या दिवशी शेठ कल्याणला माल आणायला गेलेले, मुलगा रजेवर, म्हणून काउंटरला त्यांची बायको होती. सगळं गाव तिला वहिनी म्हणतं.

‘तोंडाला लावायला काहीतरी दे बाई, उष्णता झाल्ये.’

दुसरं कुणी असतं तर बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणि एक मलम काढून दिलं असतं, मीही तेच दिलं असतं. ती म्हणाली, ‘काकू, कधीपासून आलंय? आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’

‘सांध्यांच्या.’

‘पिशवी आहे का बरोबर? दाखवा बघू.’

आईची पिशवी तिनं काचेवर ओतली. पाकीट वाचलं, गोळी बाहेर काढून स्ट्रिपचा तुकडा उलटा-सुलटा केला, आणि मला फोन लावला. ‘ताई, तुमच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. मेथोट्रेक्सेट रोज गेलंय. मी काकूंना ग्रामीण रुग्णालयात घेऊन निघाले.’ अर्धं शटर ओढून ती आईला हाताला धरून घेऊन गेली. आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या होत्या. ठाण्याला आणलं, उताऱ्याची इंजेक्शनं झाली, चार दिवसांत घरी आली. आणखी आठवडा गेला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

आईला घरी सोडल्यावर मी दुकानात गेले. भांडायला की आभार मानायला, माझं मलाच ठरत नव्हतं. भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं, फोटोसकट. फोटोत दोन वेण्या घातलेली मुलगी. आडनाव वेगळं, म्हणून आधी लक्षात आलं नाही. माहेरचं.

‘तुमचं?’

‘हो. डी.फार्म. आहे मी. लग्न झालं त्या वर्षीच हे दुकान काढलं, माझ्या सर्टिफिकेटवर.’

‘मग तुम्ही खाली का बसत नाही?’

ती हसली. ‘मग माडीवर भाकऱ्या कोण थापणार?’

आई गेली कित्येक वर्षं मुरबाडात चांगला औषधवाला शोधत होती, म्हणजे मी शोधत होते तिच्यासाठी. तो फार्मासिस्ट पंधरा पायऱ्या वर होता.

यात मला कुणी खलनायक दिसत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. शेठ भला माणूस आहे. मध्यरात्री दार वाजवलं तरी उठतो, उधारी लिहून ठेवतो. मुलगाही काही बदमाश नाही. दहावी झालाय, साडेतीनशे औषधांच्या जागा तोंडपाठ. चूक माझीही आहे, चिठ्ठीची एक प्रत आईच्या पाकिटात असायला हवी होती. पण या सगळ्यांच्या भलेपणावर चालणाऱ्या व्यवस्थेत जिला त्या गोळीचं शिक्षण मिळालंय ती एकटीच काउंटरपासून लांब ठेवलेली आहे, आणि हे कुणालाच विचित्र वाटत नाही. आमच्याकडे स्थळं बघताना ‘मुलाचं मेडिकलचं चालू आहे, डी.फार्म. मुलगी पाहिजे’ असं सरळ सांगतात. पूर्वी हुंड्यात मोटरसायकल मागत. आता मुलगी आपला परवानाच बरोबर घेऊन येते, आणि तो भिंतीवर लागल्यावर तिचं दुकानातलं काम संपतं. जिथं घरात अशी सून नाही तिथं कुणाचं तरी सर्टिफिकेट वर्षाच्या बोलीनं भाड्यानं घेतात. तो फार्मासिस्ट कंपनीत नोकरीला असतो, नाहीतर बदलापूरला दुसऱ्याच धंद्यात. दुकानात तो तपासणीच्या दिवशी उगवतो.

कायदा काय म्हणतो? कायदा चांगलाच म्हणतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम असं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यावं. १९४५ च्या औषध नियमांचा ६५ वा नियम म्हणतो, त्यानं स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यासमोर, माडीवरून नव्हे. त्याच नियमात दुकानाच्या पाटीवरच्या शब्दांनाही अर्थ लावून दिलेला आहे, हे मला या प्रकरणानंतर वाचताना कळलं आणि गंमत वाटली. जिथं फार्मासिस्टची गरज नाही असा मर्यादित परवाना, त्यानं ‘ड्रगस्टोअर’ लिहावं. जिथं फार्मासिस्ट आहे पण औषध जागेवर तयार करत नाहीत, त्यानं ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. जिथं तयार करण्याचीही सोय आहे, त्यालाच ‘फार्मसी’ म्हणवून घ्यायचा अधिकार. म्हणजे पाटी वाचून गिऱ्हाइकाला कळावं की आत कोण आहे. मुरबाडच्या बाजारपेठेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बहुतेक पाट्यांवर ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’. त्या नियमाला ठाऊकच नसलेला शब्द, ज्यात डायपर आणि मच्छर अगरबत्तीही बसते.

फार्मसी कौन्सिलनं, म्हणजे या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, २०१५ साली व्यवसायाचे नियम काढले. त्यात रुग्णाला औषध कसं घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, त्रास झाला तर काय करायचं, हे समजावून सांगणं फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं आहे. शेड्यूल एच-वन, म्हणजे काही अँटिबायोटिकं, सवय लागणाऱ्या गोळ्या अशा खास जपून द्यायच्या औषधांची यादी, २०१४ च्या मार्चपासून लागू आहे. त्यातली औषधं देताना वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. हे सगळं कागदावर इतकं नीट आहे की वाचताना वाटतं आपण दुसऱ्याच देशाबद्दल वाचतोय.

मग अंमलबजावणी करा, धाडी घाला, परवाने रद्द करा? तेही करून झालंय. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, फार्मासिस्ट हजर नाही म्हणून महाराष्ट्रभर दुकानांवर कारवाया झाल्या. औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. तेव्हा मी विक्रेत्यांना शिव्या घातल्या होत्या, आणि झगडे यांच्या हेतूबद्दल मला आजही आदर आहे. विक्रेत्यांचं म्हणणं होतं की एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून. हे कारण आता चालणार नाही. फार्मसी कॉलेजं इतकी उगवली की २०१९ साली खुद्द कौन्सिलनं पाच वर्षं नवीन कॉलेजं नकोत असा ठराव केला. तो ठराव पुढं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, ती गोष्ट वेगळी. माणसं आहेत. दुकानात बसायला तयार नाहीत, किंवा त्यांना बसू दिलं जात नाही.

का नाहीत, ते हिशेबात आहे. सरकारी किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. सत्तर रुपयांची पट्टी विकली तर साधारण दहा रुपये. त्यातच वीजबिल, भाडं, मुदत संपलेल्या मालाचा तोटा, फ्रिज. वहिनीनं त्या दिवशी आईची पिशवी ओतली, विचारपूस केली, फोन केला, शटर ओढून दवाखान्यात नेलं, त्या तासाभरात दुकानाची कमाई शून्य. उलट त्या मुलानं दोन मिनिटांत दोन पाकिटं भरून दिली, त्यात दहा-पंधरा रुपये सुटले. आपण औषधाच्या धंद्यात गोळी सरकवण्याचे पैसे देतो. थांबवण्याचे, विचारण्याचे, ‘हे घेऊ नका’ म्हणण्याचे देत नाही. ज्या कामाला मोल नाही ते काम करायला शिकलेला माणूस ठेवणं दुकानदाराला परवडत नाही, आणि शिकलेला माणूस औषध कंपनीत, हॉस्पिटलात, नाहीतर ऐरोलीच्या एखाद्या कॉल सेंटरसारख्या कचेरीत जातो. तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

दुसरी गोम वेळेची. मुरबाडसारख्या गावात मेडिकल सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. चौदा तास, रविवारसुद्धा अर्धा दिवस. कायद्याला या चौदाही तासांत फार्मासिस्ट हजर हवा. एका माणसाला ते शक्य नाही आणि दोन माणसांचा पगार त्या दुकानातून निघत नाही. म्हणजे कायदा पाळणं अशक्य, म्हणून सगळेच थोडे थोडे खोटे. इन्स्पेक्टरला माहीत, दुकानदाराला माहीत, गावाला माहीत. आणि एकदा चौदा तासांचं खोटं बोलायचंच ठरलं की चार तास तरी खरं कशाला राहायचं? वहिनीला संध्याकाळचे तीन तास सहज खाली बसता आलं असतं. पण तिच्या तीन तासांना कायद्यात किंमत नाही. कायद्याच्या लेखी ती एकतर पूर्ण वेळ आहे किंवा गुन्हा आहे.

म्हणून माझं म्हणणं जरा उलट दिशेचं आहे, आणि ग्राहक चळवळीतल्या माझ्या मैत्रिणींना ते आवडलेलं नाही. फार्मासिस्टची सक्ती चौदा तासांची ठेवून डोळे मिटण्यापेक्षा ती कमी तासांची करा, पण खरी करा. प्रत्येक दुकानाच्या बाहेर, आत गणपतीशेजारी नव्हे, रस्त्यावरून वाचता येईल अशी पाटी हवी: फार्मासिस्टचं नाव, आताचा फोटो, नोंदणी क्रमांक, बसण्याची वेळ. आमच्या गावाला ही पद्धत नवी नाही. तलाठी कुठल्या सजात कुठल्या वारी बसतो हे चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असतं, आणि लोक त्या वारीच सातबारा घ्यायला जातात. कुणी म्हणत नाही की तलाठी चोवीस तास पाहिजे. फार्मासिस्ट खाली आहे तेव्हा चिठ्ठीवरची औषधं मिळतील. तो नाही तेव्हा तापाची गोळी, ओआरएस, पट्टी, बाम, डायपर. बाकी कपाटाला कुलूप. शेठच्या हातात कुलपाची किल्ली नसावी, इतकं साधं.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे: मग रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर? तर आजही त्याला मेडिकलमध्ये जाऊन उपयोग नाही, त्यानं दवाखान्यात जायचं असतं, जिथं औषध ठेवलेलं असतं. पण आक्षेपात तथ्य आहे ते रात्रीच्या आणि रविवारच्या औषधाचं, आणि त्याचं उत्तर पाळी. एका गावातली दुकानं आपसात वार वाटून घेऊ शकतात. आज या दुकानाचा फार्मासिस्ट रात्री दहापर्यंत, उद्या त्या. नगर पंचायतीनं ही पाळी बाजारपेठेत आणि एसटी स्टँडवर लावावी. दुकानदारांमध्ये एकी नाही, जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं त्यांचा बंद पाहावा. २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशभर शटर कसं एकाच दिवशी खाली आलं होतं.

ऑनलाइनचा विषय निघालाच आहे म्हणून. ठाण्यात मी सकाळी मोबाइलवर मागवते, दुपारपर्यंत वॉचमनकडे पुडकं. बिल छापील, घटक लिहिलेले, स्ट्रिप अख्खी. तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आईची स्ट्रिप कापलेली नसती तर कदाचित हे प्रकरणच झालं नसतं. पण पावसात उल्हास नदी फुगली की रायत्याचा पूल बंद होतो आणि मुरबाड कल्याणपासून तुटतं, तेव्हा मोबाइलमधलं दुकान पलीकडच्या तीरावर राहतं. आणि ज्या ठाकर-कातकरी बाया वाड्यांवरून उतरून स्टँडवर येतात आणि ‘पोराला खोकला हाय, दोन रोजाचं औषिद द्या’ म्हणतात, त्यांना कुठल्या ॲपवर चिठ्ठी चढवायला सांगणार? त्यांच्यासाठी मेडिकल हाच पहिला दवाखाना. अनेकदा शेवटचाही.

खोकल्याच्या औषधावरून आठवलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मुलं गेली, वीसच्या वर. ते विष मुंबईला अनोळखी नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली होती. बाटलीत विष घालणं हा कारखान्याचा गुन्हा, फार्मासिस्टचा नाही. पण बातमी आल्यावर अमुक बॅच विकू नका असा आदेश निघतो, तो कुणीतरी वाचायचा असतो. फळीवरच्या बाटल्या खाली काढून बुडाकडचा बारीक छापा कुणीतरी बघायचा असतो. आणि आठवडाभरात ती बाटली कुणाकुणाकडे गेली, त्या घरी निरोप पाठवायचा असतो. छिंदवाड्याची बातमी आली त्या आठवड्यात मी आईला फोनवर विचारलं, तुझ्याकडच्या दुकानात कुणी बाटल्या तपासल्या का. ती म्हणाली, वहिनी खाली येऊन गेली म्हणतात.

एक छोटी गोष्ट आणखी, कारण ती मला मागच्याच महिन्यात शेजारच्या काकांकडे दिसली. इन्सुलिनच्या काचेच्या बाटलीत आपल्याकडे बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटं असतात आणि तिच्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटांच्या इन्सुलिनसाठी. काकांकडे बाटली ४० ची आणि डब्यात सिरिंजा नारिंगी. वीसच्या रेघेपर्यंत भरायचे आणि वीस युनिटं घेतली म्हणायचे. प्रत्यक्षात जात होती आठ. साखर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. आणि हे मुरबाडला नव्हे, ठाण्यात, जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेडिकलच मेडिकल आहेत. टोपणाचा रंग बघून ‘काका, ही तुमची नव्हे’ म्हणायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदं कुणाच्या पगारात नाहीत.

तर पैशाचं. मला असं वाटतं की दीर्घ आजाराच्या रुग्णांना महिन्यातून एकदा बसवून त्यांच्या गोळ्यांची पिशवी तपासण्याचं काम फार्मासिस्टला नेमून द्यावं आणि त्याचे पैसे सरकारनं द्यावेत, रुग्णामागं ठरावीक. मधुमेह, रक्तदाब, आमवात, दमा. प्राथमिक आरोग्य केंद्रावरचा औषध निर्माण अधिकारी रांग संपवता संपवता मेटाकुटीला येतो, त्याच्यानं ते होणार नाही. गावातलं खासगी दुकान हाताशी आहे, तिथं शिकलेली माणसं आहेत. आणि हे पैसे दुकानाच्या खात्यावर नव्हे, ज्याचं सर्टिफिकेट आहे त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर जावेत. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वहिनीच्या नावावर दुकान चालतं, पण तिच्या नावावर पगार कधी पडलेला नाही. मी विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. ‘घरचंच आहे की,’ म्हणाली. तिच्या खात्यात महिन्याला काही हजार पडायला लागले तर भाकऱ्या कोण थापणार या प्रश्नाचं उत्तर त्या घरात आपोआप निघेल, आणि भाड्यानं सर्टिफिकेट देणाऱ्या बदलापूरच्या गृहस्थाला मिळकत दाखवून हजेरीचाही पुरावा द्यावा लागेल.

अंगठ्याची यंत्रं लावा, फार्मासिस्टनं सकाळ-संध्याकाळ अंगठा उमटवावा, असंही कुणी कुणी सुचवतं. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. यंत्राचं कौतुक आमच्या तालुक्यानं जवळून पाहिलंय. २०१६ च्या डिसेंबरात धसई गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव झालं तेव्हा कॅमेरे काय आले होते! माणूस अंगठा देऊन परत माडीवर जाईल. पाटीवरची वेळ वाचून गिऱ्हाईक समोर उभं राहिलं आणि खुर्ची रिकामी दिसली, की ओशाळं व्हायला होतं. लहान गावात ओशाळेपण यंत्रापेक्षा जास्त काम करतं, कारण संध्याकाळी त्याच माणसाशेजारी भजनाला बसायचं असतं.

जाता जाता आपल्याबद्दलही. आपण डॉक्टरला दोनदा विचारतो, भाजीवालीला चारदा, आणि मेडिकलमध्ये पैसे पुढं करून हात पसरतो. ‘तुम्ही फार्मासिस्ट का?’ हा प्रश्न विचारला तर समोरचा अपमान झाल्यासारखा बघतो, म्हणून आपण विचारत नाही. मी आता विचारते. नौपाड्यातल्या एका दुकानात मुलगा म्हणाला, ‘मॅडम, साहेब आत आहेत.’ आत म्हणजे कुठं, तर कुणीच नव्हतं. दुसऱ्या दुकानात एक पोरसवदा मुलगी होती, तिनं ओढणी सरळ केली आणि म्हणाली, ‘हो, मीच.’ तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नसावा.

मुरबाडला अजून पाटीबिटी काही लागलेली नाही. शेठनं त्या प्रकारानंतर मुलाला रागावून सुट्या गोळ्या द्यायच्या बंद केल्या, पंधरा दिवस टिकलं. वहिनी मात्र आता रोज संध्याकाळी पाच ते आठ खाली बसते. सासूबाईंनी कुरकुर केली म्हणे, मग रात्रीच्या भाकऱ्या दुपारीच व्हायला लागल्या. आईला तिची वेळ पाठ आहे. परवा मी तिच्याबरोबर गेले तेव्हा सव्वाचार झाले होते, काउंटरला तोच मुलगा. त्यानं हसून हात पुढं केला, ‘आजी, द्या चिठ्ठी.’

आईनं चिठ्ठी पिशवीत घातली. ‘ती खाली आली की दे आवाज,’ म्हणाली आणि पायरीवर पदर पसरून बसली.